जुन्या तारेच्या टोकाला दोरी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा या स्मरणग्रंथात अन्यत्र सविस्तर आला आहे. मी आज आपल्यापुढे एका बोटीविषयी बोलणार आहे. प्रवेशद्वारातून आत येताना उजव्या हाताला, झावळ्यांच्या छपराखाली आपण जी लाकडी बोट पाहिलीत, तिच्याविषयी.

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. काळी नदीवरचा जुना पूल होण्यापूर्वी सदाशिवगडाकडची आम्ही मुले याच बोटीने कोडीबागच्या बाजूला येत होतो. पंचवीस-तीस मुले, त्यांची दप्तरे, पावसाळ्यात उलट्या होणाऱ्या छत्र्या आणि सुकाणूवर तांडेलमामा. पहिलीपासून पूल होईपर्यंत मी या बोटीने शाळेत आले. पूल झाला आणि बोटीचे शाळेतले काम संपले. संस्थेने ती तांडेलमामांनाच देऊन टाकली. त्यांच्या कुटुंबाने ती गेल्या काही वर्षांपर्यंत नदीत चालवली.

७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर तो जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत पडला, सुदैवाने चालक बचावला. दुसऱ्या दिवशी काठावर जमलेल्या गर्दीत जुन्या माणसांच्या तोंडी एकच विषय होता, पूल नव्हता तेव्हाच्या बोटींचा. त्यानंतर काही महिन्यांनी मामांच्या मुलांनी निरोप पाठवला की, बोट आता आमच्याकडून चालवली जात नाही, शाळेला हवी असेल तर घेऊन जा.

महोत्सव समितीला आनंद झाला. बोट घासूनपुसून रंगवायची, आवारात चौथऱ्यावर ठेवायची आणि तिच्यावर दिव्यांच्या माळा सोडायच्या, असा ठराव झाला. ठरावाची सूचना माझीच होती, हे प्रांजळपणे सांगते.

बोटीवर दिवे लावायचे म्हणून आम्ही आपल्याच एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. दहावीला गणितात तो एकदा नापास झाला होता. दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण होऊन आयटीआयला गेला आणि आज बैतकोल बंदरावरच्या कितीतरी ट्रॉलरांची इंजिने व वायरिंग त्याच्या हाताखालून जाते. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, आत उतरला, दहा मिनिटांनी वर आला आणि म्हणाला, “बाई, रंगवायची असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. मला विचाराल तर आधी उघडू या.”

“उघडायचे म्हणजे काय?”

“जे जे बसवलंय ते सगळं काढायचं. दोर बांधायचे खुंटे, खिडक्यांच्या चौकटी, पाण्याखालचे व्हॉल्व्ह, सगळी वायर. मग खाली काय उरतं ते बघायचं. ते बरं असेल तर ही बोट पुन्हा पाण्यात जाईल.”

समितीत पुष्कळ चर्चा झाली. अखेर त्याचे म्हणणे मान्य झाले. पावसाळ्याच्या तोंडावर बोट काठावर ओढून घेतली. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि ट्रॉलरांच्या दुरुस्तीचा हंगाम तोच. त्यामुळे दिवसभर बंदरावर राबून तो संध्याकाळी आमच्याकडे येत असे. नववी-दहावीची काही मुले कंदील, डबे आणि वही घेऊन त्याच्याभोवती बसत. मीही बसत असे. मी मराठीची एम. ए. आणि पुढे बी. एड. केलेली बाई. पान्हा आणि पेचकस यांच्यापलीकडे मला काही माहीत नव्हते. त्या दोन महिन्यांत मी जे शिकले, त्यातले थोडे आज आपल्यापुढे मांडते.

पहिला धडा नटबोल्टांचा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात चाळीस-पन्नास वर्षे राहिलेला नट फिरत नाही, याचे कारण आपण ‘गंजला’ या एका शब्दात उरकतो. प्रत्यक्षात लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. नटाचे आटे आणि बोल्टाचे आटे यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा बसतो. खिडक्यांच्या चौकटी अॅल्युमिनियमच्या होत्या आणि त्यांत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी आले की लहानशी विद्युतघटमाला तयार होते आणि त्यांतला दुबळा धातू झिजत जातो. येथे अॅल्युमिनियम झिजले होते. त्याची पांढरी भुकटी स्क्रूभोवती अशी घट्ट बसली होती की, चौकट आणि स्क्रू एकाच ओतकामातून निघाले असावेत असे वाटे.

अशा ठिकाणी जोर हा शेवटचा उपाय असतो. आधी तारेच्या ब्रशाने आटे साफ करायचे. मग गंजात झिरपणारे पातळ तेल सोडायचे आणि निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, आणि हातोडीने हलके ठोके, म्हणजे तेल आत उतरते आणि गंजाची पकड तडकते. तरीही न हलला तर उष्णता द्यायची. लाकडाच्या आणि डिझेलच्या सान्निध्यात ज्योत वापरायची नाही, म्हणून तो डाग देण्याची विजेची कावी स्क्रूच्या माथ्यावर धरून बसत असे. गरम होऊन थंड होताना धातू प्रसरण-आकुंचन पावतो आणि चिकटलेला थर सुटतो. मग पान्हा लावायचा आणि प्रथम नट किंचित आवळायचा, सोडवायचा नाही. आवळताना तो रेसभर जरी हलला तरी पकड मोडली असे समजायचे. मग पाव फेरा मागे, पुन्हा थोडा पुढे, पुन्हा मागे. मागेपुढे करत, तेल पाजत, तो बाहेर आणायचा.

पान्ह्याचीही एक गोष्ट आहे. या बोटीचे जुने बोल्ट इंची मापाचे, आणि आजची हत्यारे मिलिमीटरची. इंची नटावर मिलिमीटरचा पान्हा जवळपास बसतो. एका मुलाने तसा लावला तेव्हा आमचा मिस्त्री म्हणाला, “जवळपास बसतो म्हणूनच लावायचा नाही. मुळीच बसला नसता तर नुकसान झालं नसतं. जवळपासचा पान्हा कोपरे खातो. कोपरे गेले की मग योग्य पान्हाही कामाचा नाही.” त्याने बंदरावरून कुणाच्या तरी वडिलांच्या पेटीतले जुने इंची पान्हे मागून आणले.

आता माझी चूक सांगते. जुलै सरत आला होता. निमंत्रणपत्रिकेसाठी बोटीचे छायाचित्र हवे होते आणि नाळेजवळच्या खुंट्याचा एक बोल्ट चार दिवस तेल पीत बसला होता. मिस्त्री त्या संध्याकाळी उशिरा येणार होता. मी मुलांना म्हटले, “पान्ह्याला लांब पाइप लावा आणि सगळे मिळून ओढा.” तरफेचा नियम मला एवढा ठाऊक होता. मुलांनी ओढले आणि बोल्टाचे डोके कटकन तुटून हातात आले. दांडा लाकडातच राहिला. इतकेच नव्हे, तर जोराने लाकडाला बोटभर चीर गेली.

मिस्त्री आला, त्याने पाहिले, आणि कुणी केले असे विचारले नाही. पुढच्या दोन संध्याकाळी तो त्या दांड्याच्या बरोबर मध्यावर खूण पाडून आधी बारीक, मग जरा मोठ्या पात्याने भोक पाडत बसला. मध्य चुकला तर पाते मऊ लाकडात घसरते, म्हणून तो श्वास रोखून काम करी. भोवतालचे लाकूड गंजाने काळे व भुसभुशीत झाले होते. तेवढे कोरून काढून त्याने तेथे सागवानाची खुंटी बसवली, आणि नव्या बोल्टासाठी नवे भोक त्या खुंटीत पाडले. माझ्या एका मिनिटाच्या घाईची किंमत त्याच्या दोन संध्याकाळी.

याच खुंट्याचा दुसरा बोल्ट तर कशालाच दाद देईना. तेल झाले, उष्णता झाली, ठोके झाले. तेव्हा मला सुचले की, ज्यांनी बोट चालवली त्यांना विचारावे. तांडेलमामांना आता चालवत नाही. मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून काठावर आणले. मामांनी बोल्टाच्या आतल्या टोकाला बोट लावून चाचपले आणि हसले. “अगो बाय, तो सुटायचा नाहीच. त्याचं टोक मी नटावर ठोकून पसरवलंय. मुलं बसतात, इंजिनाचा हादरा बसतो, नट सुटला तर काय करायचं? म्हणून तो सुटूच नये असा बसवला होता.”

मिस्त्रीने पसरवलेले टोक कानशीने घासून काढले आणि तोच नट अर्ध्या तासात बाहेर आला. गेले आठ दिवस आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. कुणीतरी आमच्या काळजीपोटी तो तसा ठोकला होता. तेव्हापासून आमच्या वहीत एक नवा रकाना वाढला. काय काढले, कोठून काढले, या दोन रकान्यांच्या पुढे ‘हे असे का बसवले होते?’ हा तिसरा.

मात्र प्रत्येक जुनी वस्तू राखण्याजोगी असते असेही नाही. तळाजवळचा, पाण्याच्या पातळीखालचा एक पितळी व्हॉल्व्ह बाहेरून धडधाकट दिसत होता. घासल्यावर त्याचा पिवळा रंग जाऊन खाली गुलाबी छटा दिसली. मिस्त्रीने पेचकसाचे टोक रोवले तर बिस्किटासारखा तुकडा निघाला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात साध्या पितळातले जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, आटे तेच, बळ मात्र नाही. असा व्हॉल्व्ह पाण्यात असताना तुटला तर बोटीत मनगटाएवढी धार येते. त्याच्या जागी गनमेटलचा व्हॉल्व्ह आला. येथे भावनेला जागा नव्हती.

आणि आता तारा. हे सांगताना मला आजही अस्वस्थ वाटते.

माझ्या पिढीच्या मुलींना विचारा, बोटीची आठवण म्हणजे काय? त्या सांगतील, वास. डिझेलचा, ओल्या दप्तरांचा, आणि संध्याकाळी दिवे लागले की येणारा एक उबदार, किंचित जळकट रबरासारखा वास. त्याला आम्ही ‘बोटीचा वास’ म्हणत असू. गेल्या कित्येक वर्षांत कोठे तसा वास आला की माझे मन थेट नदीवर जाई. या स्मरणग्रंथासाठी मी जो लेख लिहायला घेतला होता, त्याची सुरुवातच त्या वासाने केली होती.

मिस्त्रीने बॅटरी सोडवली. आधी ऋण बाजू, मग धन, हे त्याने मुलांकडून वदवून घेतले. मग त्याने छपराखालची एक फळी काढली आणि मला हाक मारली. फळीमागे घरगुती वायरिंगची एकच जाड तार दोन ठिकाणी नुसती पिळून जोडली होती आणि वर टेप गुंडाळली होती. फ्यूज कोठेच नव्हता. जोडापाशी तारेचे आवरण वितळून फळीला चिकटले होते, आणि त्यामागे लाकडावर तळहाताएवढा काळा डाग होता. कोळसा झालेले लाकूड.

“हे आजकालचं नाही, बाई,” तो म्हणाला. “हे वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं तापलंय.”

ज्या फळीखाली आम्ही बसत होतो, तीच ही फळी. माझ्या बालपणाचा सर्वांत प्रिय वास हा आगीची पूर्वसूचना होता. आम्ही वाचलो ते केवळ सुदैवाने. मी तो लेख फाडून टाकला. ज्यांनी ती तार जोडली त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्याजवळ जे होते त्यात त्यांनी मुलांसाठी उजेड केला. परंतु जे आपल्याला प्रिय आहे त्याची फळी उघडून पाहायचीच नाही, हा दोष मात्र माझा होता. आणखी आठ दिवसांनी मी त्याच फळीवर दिव्यांच्या माळा सोडणार होते.

सगळी वायर बदलायची ठरली. जुन्या तारेचा थोडा भाग कापून चकचकीत तांबे मिळते का, हे तो पाहत गेला. हात-दोन हात कापले तरी आत काळे. खारे पाणी एकदा टोकातून शिरले की तारेच्या बारीक धाग्यांमधून दिव्यातल्या वातीसारखे आत आत चढते. बोटीसाठी घरची एकसंध जाड तार चालत नाही, कारण हादऱ्यांनी ती तुटते. अनेक बारीक धाग्यांची, प्रत्येक धाग्यावर कथिलाचा मुलामा असलेली तार लागते. जोड पिळायचा नाही. योग्य मापाचा लग हत्याराने दाबून बसवायचा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवायची. प्रत्येक वायरीला बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो अशी माझी समजूत होती. तो तारेच्या रक्षणासाठी असतो.

कोणती तार किती जाड, याचे गणित मुलांनी करायचे होते, आणि मीही त्यांच्यासोबत फळ्यासमोर बसले. बॅटरी १२ व्होल्टची. मागचा पांढरा दिवा २५ वॅटचा, म्हणजे सुमारे २ अँपिअर प्रवाह. दिवा बॅटरीपासून १० मीटरवर. दिशादर्शक दिव्यांपर्यंत पोहोचताना दाब ३ टक्क्यांहून अधिक घटू नये, असा या कामातला संकेत आहे, म्हणजे ०.३६ व्होल्ट. मी दीड चौरस मिलिमीटरची तार धरून हिशोब केला आणि घट पाव व्होल्टाच्या आसपास आली. मला वाटले, जमले.

गणितात नापास झालेला आमचा विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, “बाई, तुम्ही जाण्याचं अंतर धरलंत. येण्याचं विसरलात.”

प्रवाह दिव्यापर्यंत जातो आणि परतही येतो. तार १० नव्हे, २० मीटर. घट दुप्पट, ४ टक्के. दीडची तार अपुरी. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तेव्हा घट ०.२९ व्होल्टवर आली आणि हिशोब जुळला. मुले हसली, मीही हसले. दूरदेशी गेलेल्या आपणा माजी विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन की, जाताना आपण बळ घेऊन गेलात, हा आमचा आनंद. आज इतक्या लांबून परत येण्याचेही अंतर मी आता हिशोबात धरते.

आता या कामातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. जुनी तार छपराच्या आणि फळ्यांच्या आतून, हात पोचणार नाही अशा वळणांनी गेलेली होती. मला वाटले, निकामीच आहे, ओढून फेकून द्यावी. मिस्त्रीने मुलाचा हात धरला. “ओढू नकोस. वाट फक्त तिला माहीत आहे.” त्याने जुन्या तारेच्या एका टोकाला मजबूत दोरी बांधली, दोरीला नवी तार बांधली, गाठीवर टेप गुंडाळून ती निमुळती केली. मग दुसऱ्या टोकाकडून एका मुलाने जुनी तार हळूहळू ओढली, आणि इकडून दुसऱ्याने नवी तार पुढे सरकवली. जुनी बाहेर आली तेव्हा नवी तिच्या जागी पोचलेली होती. दोन्ही टोकांना आधीच चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्यामुळे कोणती कशाची हा प्रश्न उरला नाही. एके ठिकाणी मात्र दोरी बांधायच्या आधीच तार ओढली गेली, आणि ती वाट आम्हांला पुन्हा सापडली नाही. तेथे नवी तार उघड्यावरून न्यावी लागली. आपण बोट पाहाल तेव्हा डाव्या बाजूला ती दिसेल.

पालकहो, ती उघडी तार पाहिली की मला आपल्या शाळेतला एक निर्णय आठवतो. काही वर्षांपूर्वी पटसंख्या घटू लागली. मराठी माध्यमातून शिकून पुढे मुलांचे कसे होणार, ही आपली चिंता खरी होती आणि आहे. तेव्हा मी एका जूनमध्ये आठवीचे गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजी परिभाषेत शिकवायचा निर्णय घेतला. ‘विद्युतरोध’ काल होता, आज गेला, त्याजागी ‘रेझिस्टन्स’ आला. मुले शब्द पाठ करू लागली आणि प्रश्न विचारायचे थांबली. त्या वर्षी वर्गात जी शांतता होती, तिला मी शिस्त समजले. दोरी न बांधता मी तार ओढली होती.

पुढच्या वर्षी माझ्या विज्ञान-शिक्षक सहकाऱ्यांनी मला सावरले. प्रत्येक संकल्पना आधी मराठीत, मुलांच्या बोलीत, नदीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या उदाहरणांनी, मग तिचे मराठी पारिभाषिक नाव, आणि त्याच तासाला फळ्यावर शेजारी इंग्रजी नाव. दोन रकाने, एक गाठ. कन्नडसाठीही आम्ही तेच केले. हळूहळू वर्गात पुन्हा हात वर होऊ लागले. पट पूर्वीइतका झालेला नाही, हे मी लपवत नाही. माध्यम बदलून टाका, असे आजही काही पालक कळवळून सांगतात. त्यांना माझी विनंती एवढीच की, काय बदलायचे ते आपण मिळून ठरवू. गुलाबी पडलेला व्हॉल्व्ह आमच्यातही असेल, तो निर्दयपणे काढू. परंतु ज्या भाषेतून मुलाच्या मनापर्यंतची वाट गेली आहे, ती भाषा नवे काही बांधण्याआधी ओढून टाकू नका.

बोटीचे आजचे वर्तमान सांगून थांबते. सर्व बोल्ट आता योग्य धातूचे आहेत आणि आट्यांना ग्रीस लावून बसवले आहेत. मिस्त्रीचा तो आग्रहच होता. “चाळीस वर्षांनी हे कुणीतरी काढायला बसेल, त्याला शिव्या द्यायची वेळ येऊ नये.” जेथे नट सुटून चालणार नाही तेथे सुटण्यास अटकाव करणारे नट आहेत, म्हणजे मामांचा हेतू जपला आणि टोक ठोकावे लागले नाही. फळ्यांच्या फटींत कापसाची नवी वात ठोकली आहे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो. नोव्हेंबरमध्ये भरतीच्या वेळी बोट नदीत उतरवली. एक रात्र आणि एक दिवस ती पाण्यात राहिली, तळात आलेले पाणी मुलांनी मोजले आणि वहीत लिहिले. महोत्सवासाठी ती आपल्या भेटीला पुन्हा आवारात आणली आहे.

पुढे खाडीतल्या खारफुटीचा अभ्यास करायला मुलांना तिच्यातून न्यावे, असा आमचा मानस आहे. अनेकांनी विचारले, पहिली फेरी आजच का नाही? बोटीची अधिकृत तपासणी आणि परवाना व्हायचा आहे, प्रत्येक मुलासाठी जीवरक्षक जाकीट यायचे आहे. ते होईपर्यंत मी एकाही विद्यार्थ्याला तिच्यात बसवणार नाही. महोत्सवाची तारीख हुकली तरी चालेल. एक बोल्ट तोडून मी एवढे शिकले आहे.

बोटीजवळच्या मेजावर काचेच्या बरणीत जुने बोल्ट ठेवले आहेत, डोके तुटलेला आणि टोक पसरवलेला, दोन्ही. शेजारी मुलांची ती तीन रकान्यांची वही आहे. जळालेली फळी मी मुद्दाम ठेवून घेतली आहे. ती माझ्या कार्यालयात, खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर आहे. तिला आता वास येत नाही.

मामा आज प्रकृतीमुळे येथे येऊ शकले नाहीत. त्यांना आणि त्यांचा नट सोडवणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याला शाळेच्या वतीने वंदन करते, आणि आपल्या सर्वांची रजा घेते.